पंचवीस सेंटचा समुद्र

सॅन फ्रान्सिस्कोला येणाऱ्या पाहुण्यांना काय दाखवायचं याची बे एरियातल्या प्रत्येक मराठी घरात एक ठरलेली यादी असते. गोल्डन गेट पूल, लोंबार्ड स्ट्रीटची वळणं, फिशरमन्स व्हार्फवरचे सील, वेळ उरला तर अल्काट्राझ. या यादीत एक जागा सहसा नसते. शहराच्या पश्चिमेच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो आणि पॅसिफिक सुरू होतो तिथे, कड्याखाली काँक्रीटच्या काही तुटक्या भिंती आहेत. त्यांच्यामध्ये हिरवट पाणी साचलेलं असतं आणि त्यात बदकं फिरत असतात. पलीकडे एक छोटा बोगदा आहे, त्यात लाट शिरली की पोटात धडकी भरवणारा आवाज येतो. पाहुणे फोटो काढतात आणि विचारतात, "किल्ला होता का हो इथे?"

प्रश्न अगदी साहजिक आहे. आपल्याकडे समुद्रकाठी पडक्या भिंती म्हटलं की किल्लाच असायचा. हा मात्र पोहण्याचा तलाव होता. तलाव कसला, काचेच्या छपराखाली बांधलेले सात तलाव, त्यांना लागून संग्रहालय, खानावळी, नाटकशाळेसारखी प्रेक्षकांची बैठक... सगळं एका इमारतीत! नाव सुट्रो बाथ्स. १४ मार्च १८९६ ला लोकांसाठी उघडले आणि २६ जून १९६६ ला जळून खाक झाले. सत्तर वर्षं आणि तीन महिने. म्हणजे एका माणसाचं आयुष्य म्हणता येईल एवढंच.

ज्यांनी तिथे लहानपणी डुबक्या मारल्या असे लोक आता फारच थोडे उरले असतील. तरी या शहरात जुन्या माणसाजवळ सुट्रोचं नाव काढलं की चेहरा उजळतो. कुणी बर्फावर स्केटिंग केलेलं असतं, कुणी ममी बघून रात्रभर झोपलेलं नसतं. एका इमारतीबद्दल एवढी माया का वाटावी, हे मला बरेच दिवस कोडं होतं. म्हणून मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते सगळंच गोड नाही. पण आधी गोड भाग.

अॅडॉल्फ सुट्रो हा मूळचा प्रशियातल्या आखेन गावचा. ज्यू कुटुंब, जन्म १८३० चा. १८५० मध्ये, म्हणजे विशीत, तो अमेरिकेत आला. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि जो तो कुदळ घेऊन डोंगरात पळत होता. या गड्याने कुदळ घेतली नाही, तंबाखूची दुकानं घातली. पुढे नेव्हाडात कॉमस्टॉक लोड ही चांदीची प्रचंड खाण लागली, तेव्हा तो तिकडे गेला. तिथेही त्याला चांदीपेक्षा दुसरीच गोष्ट आधी दिसली, ती म्हणजे पाणी. खाणी जसजशा खोल जात होत्या तसतसं त्यांत गरम पाणी भरत होतं, हवा कोंडत होती, माणसं मरत होती. सुट्रोचं म्हणणं असं की डोंगराच्या पायथ्यापासून आडवा बोगदा खणावा, म्हणजे पाणी आपोआप वाहून जाईल, हवा खेळेल आणि वेळ आली तर माणसांना पळायला वाट राहील.

बड्या खाणमालकांना आणि बँकवाल्यांना हे पसंत नव्हतं, कारण बोगद्याची पट्टी त्यांना भरावी लागणार होती. अशात एप्रिल १८६९ मध्ये यलो जॅकेट खाणीत आग लागली आणि पस्तीसच्या वर खाणकामगार आत गुदमरून मेले. बोगदा असता तर... हा प्रश्न मग कुणी विचारायची गरजच उरली नाही. खाणकामगारांच्या संघटनेने आपल्या तुटपुंज्या पुंजीतून ५० हजार डॉलर उभे केले आणि त्याच वर्षी काम सुरू झालं. जवळजवळ चार मैलांचा बोगदा १८७८ मध्ये खाणीला जाऊन भिडला. तोपर्यंत खाणीतली चांदी संपत आली होती. सुट्रोने भाव उतरायच्या आत आपले शेअर विकले, पैसे घेतले आणि सॅन फ्रान्सिस्कोला परतला. म्हणजे माणूस साधुसंत नव्हता, पक्का व्यवहारी होता. हे लक्षात ठेवलेलं बरं.

परत आल्यावर त्याने जमिनी घेतल्या. एवढ्या घेतल्या की एक वेळ अशी आली की शहराचा बारावा हिस्सा त्याच्या मालकीचा होता असं म्हणतात. त्यात बहुतेक वाळूचे ढिगारे होते, ज्यांना तेव्हा कुणी विचारत नव्हतं. समुद्रावरच्या एका टेकाडावर त्याने स्वतःचं घर आणि बाग केली, आणि बाग लोकांना खुली ठेवली. खालच्या खडकांत भरतीचं पाणी कोंडून एक मत्स्यालय केलं. त्यातूनच पुढची कल्पना सुचली असावी. आयुष्यातली उमेदीची वर्षं खाणीतून पाणी बाहेर काढण्यात घालवलेला हा माणूस म्हातारपणी समुद्र आत आणायच्या मागे लागला!

आता हे वेड किती मोठं होतं ते बघा. इमारत साधारण ५०० फूट लांब आणि २५४ फूट रुंद. छपराला आणि भिंतींना मिळून एक लाख चौरस फूट काच. ६०० टन लोखंड. सात तलावांपैकी एक गोड्या पाण्याचा, सहा खाऱ्या पाण्याचे, आणि प्रत्येकाचं तापमान वेगळं. सगळ्यांत मोठा तलाव इंग्रजी एल अक्षरासारखा, थेट समुद्राच्या थंडगार पाण्याचा. बाकीच्यांत पाणी तापवून सोडलेलं, सगळ्यांत ऊन पाणी २७ अंश सेल्सिअसच्या आसपास. इथला समुद्र ज्याने पायाला लावून पाहिला आहे त्यालाच या २७ अंशांची किंमत कळेल. कोकणातल्या पाण्याची सवय असलेला माणूस इथे घोट्याएवढ्या पाण्यात शिरला की 'आई गं' म्हणून बाहेर पळतो. कपाळ दुखेपर्यंत थंडी. शिवाय इथल्या लाटा पाय ओढून नेतात. म्हणजे शहराला तीन बाजूंनी पाणी, आणि पोहायला जागा नाही! सुट्रोने नेमकी ही अडचण ओळखली होती.

सातही तलावांत मिळून सुमारे १७ लाख गॅलन पाणी मावायचं, म्हणजे ६४ लाख लिटर. आणि ते भरायचं कोण? भरती. खडकात खोदलेल्या वाटेने भरतीचं पाणी आधी एका कुंडात यायचं, तिथून वाळू-गाळ बसायला दुसऱ्या कुंडात, मग कालव्यांतून तलावांत. पूर्ण भरतीला तासाभरात सगळे तलाव भरत. ओहोटीची वेळ असेल तर समुद्रसपाटीवरच्या एका गुहेत बसवलेला पंप चालू करायचा. तो मिनिटाला ६००० गॅलन पाणी खेचायचा, तरीही तलाव भरायला पाच तास लागत. माझं लहानपण विहिरीवर गेलं आहे. मोटेचं आणि नंतर पंपाचं पाणी पाटाने कसं फिरवायचं, बारं कुठे फोडायचं, हे पाहिलेल्या माणसाला ही सगळी व्यवस्था वाचताना जी मजा येते ती कशी सांगू! चंद्राच्या ओढीवर चालणारा पाट आहे हो हा.

आणि तिकीट किती? आत येऊन नुसतं हिंडायचं असेल तर १० सेंट. पोहायचं असेल तर २५ सेंट, त्यात पोहण्याचा पोशाख आणि टॉवेल भाड्याने मिळायचा. असे २० हजार पोशाख आणि ४० हजार टॉवेल त्यांनी ठेवले होते. कपडे बदलायला ५१७ खोल्या होत्या. एका वेळी १० हजार माणसं आत मावत. सगळ्यांना तोच काळा लोकरीचा पोशाख. जुन्या फोटोंत बघितलं तर शेकडो माणसं एकसारखी दिसतात. त्यात सावकार कोण आणि त्याचा घोडा धुणारा कोण, ओळखायची सोय नाही.

घसरगुंड्या होत्या, झोके होते, उंचावरून सूर मारायच्या फळ्या होत्या. एडिसनच्या कंपनीने १८९७ मध्ये इथे चित्रित केलेला एक मुका चित्रपट अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने जपून ठेवला आहे. मिनिटभराचाही नाही. माणसं घसरगुंडीवरून धपाधप पाण्यात पडताहेत, एवढंच. मी तो कितीदा पाहिला असेल! सव्वाशे वर्षांपूर्वीची माणसं फोटोत नेहमी गंभीर, ताठ, गळ्याशी बटण लावलेली दिसतात. इथे ती चक्क मुटके मारताना दिसतात. गावच्या विहिरीवर पाठीला डबा बांधून पहिल्यांदा ढकललेलं पोरही असंच हातपाय झाडत पडतं. पाण्यात पडणाऱ्या माणसाचा चेहरा सगळीकडे सारखाच असतो.

पोहून झालं की वरच्या सज्ज्यांत हिंडायचं. तिथे पेंढा भरलेले प्राणी, नाणी, जगभरातून जमवलेल्या चित्रविचित्र वस्तू, आणि इजिप्तमधून आणलेल्या ममी. खानावळी तीन. गाणंबजावणं, पोहण्याच्या शर्यती. म्हणजे आपल्याकडच्या जत्रेत जे जे असतं ते सगळं, फक्त रोज, आणि छपराखाली. (सुट्रोच्या इजिप्शियन वस्तूंचा संग्रह आता सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत आहे.)

पण मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट तलावाची नाही, ट्रामची आहे. तलाव शहरापासून मैलोगणती लांब. तिथे पोचायला जी गाडी होती ती सदर्न पॅसिफिक या बलाढ्य रेल्वे कंपनीच्या ताब्यात होती, आणि शहरातून यायचं तर १० सेंट पडायचे. सुट्रो म्हणाला, पाच सेंट करा. कंपनी ऐकेना. तेव्हा मजुराची दिवसाची कमाई साधारण दीड-दोन डॉलर. घरात पाच माणसं धरली तर जायला-यायला एक डॉलर नुसता गाडीलाच. मग तलावाचं तिकीट २५ सेंट ठेवून उपयोग काय? हा हिशेब त्या माणसाला कळला होता. शेवटी त्याने स्वतःची विजेवरची ट्राम काढली, पाच सेंटवाली. या भांडणाने लोकांना तो इतका आवडला की १८९४ च्या निवडणुकीत त्यांनी त्याला महापौर करून टाकलं.

कुठल्याही सार्वजनिक गोष्टीचा विचार करताना मला ही ट्राम आठवते. आपण वाचनालय बांधतो, उद्यान करतो, नाट्यगृह उभारतो, आणि तिथे कोण कसं पोचणार याचा विचार करायचं विसरतो. फुकट असलेली गोष्टही गाडीभाड्याने महाग होते. सव्वाशे वर्षांपूर्वी एका गर्भश्रीमंत नसलेल्या श्रीमंताला हे कळलं होतं.

असो. आता तो भाग, जो गोड नाही.

४ जुलै १८९७. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. जॉन हॅरिस नावाचा एक कृष्णवर्णीय माणूस आपल्या गोऱ्या मित्रांबरोबर सुट्रो बाथ्सला गेला. तिकीट काढलं. मित्रांना पाण्यात जाऊ दिलं, त्याला नाही. काही दिवसांनी तो पुन्हा गेला, पुन्हा तेच. व्यवस्थापनाचं म्हणणं असं होतं की काळ्या लोकांनी यावं, सज्ज्यात बसून बघावं, पण पाण्यात उतरू नये. आमचा वैयक्तिक राग कुणावर नाही, पण ते पाण्यात उतरले तर गोरं गिऱ्हाईक येणार नाही, धंदा बसेल.

योगायोग असा की कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी मार्चमध्ये एक कायदा केला होता. हेन्री डिबल या आमदाराने मांडलेला, म्हणून डिबल कायदा. हॉटेलं, नाटकगृहं, स्नानगृहं अशा ठिकाणी रंगावरून कुणालाही अडवता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. शाई वाळायच्या आत तो वापरून बघणाऱ्यांपैकी हॅरिस एक. त्याने दहा हजार डॉलरची भरपाई मागितली. १८९८ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. भरपाई किती? दोनदा अडवलं, प्रत्येक वेळचे ५० डॉलर, एकूण १००. कायद्यात लिहिलेली कमीत कमी रक्कम. म्हणजे कायदा मोडला हे मान्य, पण त्याहून एक पैही जास्त द्यायची तयारी नाही.

हे वाचलं आणि मला महाड आठवलं. मराठी माणसाला ते आठवल्याशिवाय राहणारच नाही. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं आणि ओंजळभर पाणी प्यावं लागलं. त्यानंतर मार खावा लागला, 'शुद्धी' केलेली पाहावी लागली आणि कोर्टात दहा वर्षं घालवावी लागली. हायकोर्टाचा निकाल १९३७ चा.

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत हे मला कळतं. एकीकडे प्यायचं पाणी आणि एका समाजाचं माणूसपण, दुसरीकडे सुट्टीच्या दिवशीचं पोहणं. एका ठिकाणी हजारोंचा सत्याग्रह, दुसरीकडे एकट्या माणसाचा दावा. पण मधली गोष्ट तीच आहे. ठराव होतो, कायदा होतो, आणि तरीही शेवटी कुणीतरी स्वतः उठून पाण्यापर्यंत चालत जावं लागतं. तोपर्यंत 'सार्वजनिक' हा नुसता पाटीवरचा शब्द असतो. आणि 'बघायला या, पण पाण्याला शिवू नका' हे वाक्य अमेरिकेत काय आणि कोकणात काय, किती सहज बोललं जातं! त्यात रागही नसतो म्हणे. नुसता व्यवहार.

मग सुट्रोचं काय करायचं? ज्याने गरिबाच्या पाच सेंटसाठी रेल्वे कंपनीशी भांडण काढलं, त्याच्याच तलावावर हे व्हावं? त्या वेळी तो सत्तरीकडे झुकला होता, महापौरपद संपलं होतं, आणि पुढे काही महिन्यांतच मन इतकं थकलं की कोर्टाने त्याच्या मुलीला पालक नेमलं. ऑगस्ट १८९८ मध्ये तो गेला. तेव्हा हा निर्णय त्याचा स्वतःचा की नोकरांचा, यावर वाद घालता येईल. पण मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही. पाटी त्याच्या नावाची होती. आणि खरं सांगायचं तर यात आश्चर्य वाटण्यासारखं तरी काय आहे? 'सगळ्यांसाठी' म्हणताना प्रत्येक पिढीच्या मनात एक कुंपण असतं, आणि ते त्या पिढीला दिसत नाही. सुट्रोला भाड्याचं कुंपण दिसलं, ते त्याने मोडलं. रंगाचं दिसलं नाही, किंवा दिसून मोडावंसं वाटलं नाही. ते हॅरिसला दिसलं, कारण तो त्याच्या बाहेर उभा होता. या जागेचा इतिहास सांगताना लोक काचेचे आकडे सांगतात, टॉवेलांचे आकडे सांगतात. माझ्या यादीत आता हे १०० डॉलरही असतात. डिबल कायद्याचाच पुढचा अवतार म्हणजे १९५९ चा उन्रू कायदा, आणि तो आजही कॅलिफोर्नियात लागू आहे. इथे एखाद्या हॉटेलात माझ्यासारख्या सावळ्या माणसाला टेबल नाकारता येत नाही, त्यात त्या पोहायला न मिळालेल्या माणसाचाही थोडा वाटा आहे.

पुढची गोष्ट सगळ्या मोठ्या वाड्यांची असते तशीच. कर्ता पुरुष गेला, मागे जमीनजुमला, कज्जे आणि न परवडणारी इमारत. दहा हजार माणसांची जागा रोज दहा हजार माणसांनी भरत नाही. खारं वारं लोखंड खातं, काच फुटते, पाणी तापवायला पैसा लागतो. १९२५ मध्ये त्याच किनाऱ्यावर, थोडं दक्षिणेला, शहराचा अवाढव्य फ्लेशहॅकर तलाव उघडला. एक हजार फूट लांब! त्यात मंदी आली, आरोग्याचे नियम कडक झाले. १९३७ मध्ये सुट्रोच्या नातवाने तलावाच्या एका भागावर बर्फाचं स्केटिंग सुरू केलं. जिथे आजोबाने थंड समुद्र ऊन करून दिला, तिथे नातवाने पाणी गोठवलं. १९५२ मध्ये जॉर्ज व्हिटनीने जागा घेतली. शेजारच्या प्लेलँड या जत्रेचा मालक तो. त्याच्या काळात पोहणं बंदच झालं. डॉन सीगलचा १९५८ चा 'द लाइनअप' नावाचा एक सिनेमा आहे, त्यात आतला भाग दिसतो. स्केटिंग करणारी पोरं, जुने सज्जे, आणि सगळ्यावर एक उतरती कळा.

१९६४ मध्ये जागा बिल्डरांकडे गेली. समुद्राकडे तोंड करून उंच उंच अपार्टमेंट्स बांधायची योजना होती. पाडकाम सुरू झालं आणि ते चालू असताना, २६ जून १९६६ ला, आग लागली. उरलेलं सगळं एका दिवसात गेलं. आग लावली असावी असा संशय तेव्हाही होता, आजही आहे. रिकाम्या, विमा उतरवलेल्या, बिल्डरच्या ताब्यातल्या इमारतींना आग कशी लागते याबद्दल मुंबई-पुण्याच्या वाचकांना मी वेगळं काय सांगणार!

गंमत अशी की अपार्टमेंट्स झालीच नाहीत. १९७२ मध्ये गोल्डन गेट नॅशनल रिक्रिएशन एरिया हे राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं आणि पुढे हे अवशेष त्यात आले. त्याआधी १९७१ मध्ये फ्लेशहॅकर बंद झाला, १९७२ मध्ये प्लेलँड. एका दशकाच्या आत त्या किनाऱ्यावरची सगळी जत्रा उठली. तिथली नाणं टाकून चालणारी जुनी यंत्रं तेवढी 'म्युझे मेकॅनिक' नावाने फिशरमन्स व्हार्फवर अजून चालू आहेत. आत शिरल्या शिरल्या एक पुतळा गदागदा हसतो. तो प्लेलँडचा. लहान मुलं त्याला घाबरतात, मीही जरा लांबूनच जातो.

मला कधी कधी वाटतं, इतक्या खर्चाची, तोट्याची जागा टिकणारच नव्हती, तर तिच्याबद्दल हळहळ कशाला? आज प्रत्येक उपनगरात व्यायामशाळेबरोबर निळा, स्वच्छ, क्लोरीनचा तलाव असतो. सभासद व्हा, कार्ड दाखवा, पोहा. हिशेबाने बघितलं तर आपण पोहण्याच्या बाबतीत पुढेच आलो आहोत. पण त्या तलावात माझ्याच सोसायटीतली, माझ्यासारख्याच पगाराची चार माणसं भेटतात. हमाल, शिंपीण, वकील आणि शाळा बुडवून आलेलं पोर एकाच पाण्यात, एकसारख्या विटक्या काळ्या पोशाखात, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवताहेत, हे कुठे होतं? सुट्रो बाथ्समध्येही ते पूर्ण झालं नव्हतं, हॅरिस बाहेर उभा होता. पण निदान तो आत येण्यासाठी भांडला, कारण आत भांडून मिळवण्यासारखं काहीतरी होतं. आता कुंपणं इतकी नीट घातलेली आहेत की त्यांच्याशी कुणी भांडतही नाही.

तिथल्या हिरव्या पाण्यात आता समुद्र येत नाही. झऱ्याचं आणि पावसाचं गोडं पाणी साचतं. २०१२ च्या अखेरीला त्या पाण्यात अचानक एक पाणमांजर दिसलं. शहरात कित्येक दशकांत कुणी पाणमांजर पाहिलं नव्हतं. ते कुठून आलं, रस्ते ओलांडून आलं की समुद्रातून, कुणालाच कळलं नाही. लोकांनी त्याचं नाव ठेवलं सुट्रो सॅम. काही महिने ते मजेत मासे खात, सूर मारत, पाठीवर लोळत तिथे राहिलं. रोज त्याला बघायला कड्यावर ही गर्दी! तिकीट नाही, पोशाख नाही, कुणाची परवानगी नाही. पन्नास वर्षांनी त्या तलावात कुणीतरी मनसोक्त डुंबत होतं.